युरोपात राहणारे फिलिपिनो तरुण

श्रोतेहो, फिलिपीन्स या देशाशी आपला परिचय तसा जुना आहे, पण तो तुटक तुटक आहे. १९५८ मध्ये आचार्य विनोबा भावे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि मनिला या शहराचे नाव आपल्या खेडोपाडी पोचले. पुढे १९७९ मध्ये जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला आणि १९८५ मध्ये बाबा आमटे यांना तोच पुरस्कार मिळाला. भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची ओळख निराळी. ‘आय. आर. ८’ हे भाताचे बुटके वाण १९६६ मध्ये बाहेर पडले, ते त्या देशातल्या लॉस बान्योस गावच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून.

पण पुरस्कार आणि बियाणे यांपलीकडे तिथल्या माणसांचे काय चालले आहे, याची आपल्याला फारशी वार्ता नसते. म्हणून आज त्या देशातील तरुण मुलामुलींविषयी, आणि त्यातही युरोपात जाऊन राहिलेल्यांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही, बरं का!

आधी देश कसा आहे ते पाहू. फिलिपीन्स म्हणजे ७,६४१ लहानमोठ्या बेटांचा समूह. २०२० च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या सुमारे १० कोटी ९० लाख भरली. म्हणजे २०११ मध्ये आपल्या महाराष्ट्राची होती तिच्याहून थोडी कमी. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनचे राज्य होते. त्यानंतर अमेरिका आली; मध्ये तीन वर्षे जपानी अंमल झाला, आणि १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. स्पेनने त्यांना कॅथलिक धर्म दिला, अमेरिकेने इंग्रजी शाळा दिली. या दोन गोष्टी फिलिपिनो माणसाला परदेशी जाताना आजही उपयोगी पडतात.

फिलिपिनो तरुण युरोपात जाऊ लागले ते काही काल-परवा नव्हे. त्यांचा राष्ट्रपुरुष होसे रिसाल १८८२ मध्ये, वीस वर्षांचा असताना, शिकण्यासाठी माद्रिदला गेला. तो डॉक्टर झाला. १८८७ मध्ये बर्लिनला त्याने आपली पहिली कादंबरी छापली, आणि स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालून ठार केले. त्या काळी युरोपात जाणारी मुले सुखवस्तू घरची असत. रिसालच्या खर्चाचे पैसे त्याचा थोरला भाऊ घरून पाठवीत असे. म्हणजे पैशाचा ओघ घराकडून युरोपाकडे होता. आज तो ओघ नेमका उलटा झाला आहे, आणि तो उलटला कसा हेच समजून घ्यायचे आहे.

१९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या. आखाती देशांत पैसा आला, तिथे बांधकामे निघाली, माणसे हवी झाली. इकडे फिलिपीन्समध्ये बेकारी होती आणि परकीय चलनाची ओढ होती. मार्कोस यांच्या सरकारने १९७४ मध्ये श्रमसंहिता काढली आणि तरुणांना परदेशी कामावर पाठविणे हे सरकारी धोरणच झाले. तात्पुरता इलाज म्हणून निघालेली ही वाट पुढे राजमार्ग झाली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी परदेशी राबणाऱ्यांना ‘नवे वीर’ म्हटले. १९९५ मध्ये सिंगापूरला एका फिलिपिनो मोलकरणीला फाशी झाली. देशभर क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. २०२१ च्या कायद्याने तर या कामगारांसाठी एक स्वतंत्र खातेच निर्माण केले.

आज एक कोटीच्या आसपास फिलिपिनो देशाबाहेर आहेत. २०२४ मध्ये त्यांनी घरी पाठविलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरांवर गेली. देशाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तर हा शेकडा आठ भाग होतो. आपल्या भारतात परदेशातून येणारा पैसा आकड्याने याहून किती तरी मोठा आहे. पण उत्पन्नाच्या मानाने तो शेकडा तीनच्या आसपास आहे. त्या लहान देशाचा संसार बाहेर गेलेल्या लेकरांवर किती टेकला आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता युरोपाकडे वळू. तिथे जाणाऱ्या तरुणांच्या ठळक वाटा तीन आहेत. पहिली इटलीची. १९७० नंतर रोम आणि मिलान येथील घरांत कामाला फिलिपिनो मुली जाऊ लागल्या. पुष्कळांना कॅथलिक संस्थांच्या ओळखीने कामे मिळाली. पुढे त्यांनी बहिणींना, नवऱ्यांना, भाच्यांना बोलावून घेतले. आज तिथे दीड लाखाहून अधिक फिलिपिनो रीतसर राहतात. दुसरी वाट परिचारिकांची. ब्रिटन, आयर्लंड आणि अलीकडे जर्मनी. जर्मनीशी तर २०१३ मध्ये सरकारी करारच झाला. तिसरी वाट ‘ओ-पेअर’ मुलींची. तिच्याविषयी पुढे सांगतो.

इटलीत गेलेल्या एखाद्या मुलीचा दिवस कसा जातो ते पाहा. समजा, ती पंचवीस वर्षांची आहे आणि गावी प्राथमिक शाळेत शिकवीत होती. हे ‘समजा’ मी उगाच म्हणत नाही. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या पुष्कळ मुली परदेशी घरकामाला जातात, कारण तिथली मोलमजुरीही गावच्या शिक्षिकेच्या पगाराहून जास्त पडते. गंमत अशी की, त्यांच्या तागालोग भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. शब्द आपलाच, संस्कृतातून गेलेला. चेहऱ्याला ते ‘मुखा’ म्हणतात, तोही आपलाच. तर अशी ही ‘गुरो’ रोममध्ये सकाळी उठते, मालकांच्या मुलांना शाळेत पोचविते, कपड्यांना इस्त्री करते, आजीबाईंना औषध देते आणि संध्याकाळचे जेवण रांधते.

भाषेची अडचण सुरुवातीला फार. तागालोगमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे, ‘सिया’. त्यामुळे युरोपातल्या भाषा बोलताना फिलिपिनो माणूस बाईला ‘तो’ आणि बुवाला ‘ती’ म्हणून जातो आणि समोरचे हसतात. पण तीनशे वर्षांच्या स्पॅनिश सहवासाने टेबल, खिडकी, चमचा, बूट यांची नावे त्याच्या तोंडी आधीच आहेत, आणि ती इटालियनच्या शेजारची आहेत. त्यामुळे इटलीत जीभ लवकर वळते. जर्मनीत मात्र परिचारिकेला आधी महिनेच्या महिने भाषेचा अभ्यास करावा लागतो. परीक्षा होऊन पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनिसाचेच काम करावे लागते. मग गावाकडे तिने किती का वर्षे दवाखाना सांभाळलेला असेना!

जेवणाचे पाहा. आपण शेतात उभे असते त्याला भात किंवा साळ म्हणतो, कांडून निघतो तो तांदूळ, आणि शिजला की पुन्हा भात. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द. फिलिपिनो मात्र आपल्यासारखेच. शेतातला तो ‘पालाय’, कांडलेला ‘बिगास’, शिजलेला ‘कानिन’. रात्रीचा उरलेला भात सकाळी लसूण घालून परततात, त्याला ‘सिनांगाग’ म्हणतात. आपला फोडणीचा भातच की! इटलीत तांदूळ पिकतो, पण तो ठेंगणा नि जाड. म्हणून ही मंडळी रोमच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या एस्क्विलिनो बाजारात जाऊन आशियाई दुकानांतून लांब दाण्याचा तांदूळ आणतात. सुकी मासळी तळण्याची सोय मात्र मालकाच्या घरात नाही. वासाने शेजारी दार ठोठावतील. आपल्या कोकणच्या माणसाने मुंबईच्या इमारतीत बोंबील भाजले म्हणजे जे होते, तेच तिथे होते.

आणखी एक लहानशी गोष्ट. फिलिपिनो घरात न्हाणीघरात पाणी घ्यायला एक दांड्याचे भांडे असते, त्याला ‘ताबो’ म्हणतात. आपल्या टमरेलाचा तो भाऊ. युरोपात त्या जागी कागद असतो. म्हणून फिलिपिनो माणसाच्या खोलीत ‘ताबो’ हटकून सापडतो. देश सुटतो, पण असल्या साध्या सवयी सुटत नाहीत.

आता ओ-पेअर. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. कल्पना अशी की, तरुण मुलीने परक्या देशातल्या कुटुंबात मुलीसारखे राहावे, मुलांना सांभाळून थोडा हातभार लावावा, भाषा शिकावी, आणि कुटुंबाने तिला स्वतंत्र खोली, जेवण व हातखर्च द्यावा. १९६९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे याविषयी युरोपीय करार झाला. नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांनी कामाची मर्यादा आठवड्याला ३० तास अशी घातली. २०१० नंतरच्या दशकात या दोन्ही देशांत ओ-पेअर म्हणून येणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा फिलिपिनो मुलींचा होता.

कागदावर ही योजना सुंदर आहे. पण बरोबरी ही दोन्ही बाजूंना सारखी गरज असेल तेव्हाच टिकते. एका बाजूला घरची धुणीभांडी आणि दुसऱ्या बाजूला मायदेशातली भावंडांची फी. अशा वेळी ‘मुलीसारखी’ राहायला आलेली मुलगी कामवाली कधी होते, ते तिलाही कळत नाही. तीसाचे चाळीस तास होतात आणि तक्रार करावी तर राहण्याचा परवाना त्याच कुटुंबावर अवलंबून. गैरवागणुकीच्या तक्रारी आल्या म्हणून फिलिपीन्स सरकारने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुलींना ओ-पेअर म्हणून युरोपात जायला बंदी केली. तरीही मुली आडवाटेने जातच राहिल्या. मग २०१० मध्ये नॉर्वे, डेन्मार्क व स्वित्झर्लंडपुरती आणि २०१२ मध्ये उरलेल्या युरोपासाठी ती बंदी उठली. शेवटी २०२४ मध्ये नॉर्वेनेच ही योजना बंद केली.

त्या उत्तरेच्या देशांत हिवाळा कसा असतो, हेही सांगायला हवे. डिसेंबरात कोपनहेगनला दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. ज्या मुलीने जन्मभर बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र पाहिली, तिला हा काळोख थंडीपेक्षाही जड जातो.

आता या सर्वांचा मुख्य धागा सांगतो. हा तरुण माणूस देहाने युरोपात असतो, पण त्याचा दिवस बांधलेला असतो तो घराशी. मनिलाचे घड्याळ रोमच्या घड्याळापुढे हिवाळ्यात सात तास आणि उन्हाळ्यात सहा तास असते. रात्री आठला काम संपते, तेव्हा घरी पहाटेचे तीन वाजलेले. म्हणून घरच्यांशी बोलायचे ते दुपारी मालकीण झोपली असताना. १९८० च्या सुमारास ही मंडळी आपला आवाज कॅसेटवर भरून टपालाने पाठवीत. आता फोनवर चेहरा दिसतो. आई फोनवरून लेकराचा अभ्यास घेते, धाकट्याला रागे भरते, छपराचे पत्रे कोणते आणायचे ते ठरविते. फोनमुळे अंतर कमी झाले खरे. पण मागणीही कमी झाली नाही. पूर्वी पत्राला महिना लागे. आता कुणाचे बाळंतपण, कुणाची फी, कुणाचे वाहून गेलेले छप्पर, सारे त्याच दिवशी कळते.

पैसे कसे साठवितात? त्यांच्याकडे ‘पालुवागान’ म्हणून रीत आहे. दहा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. आपल्या बायका भिशी लावतात, तीच ही! खर्च वाचावा म्हणून एकेका घरात अनेक जण राहतात. खोली नव्हे, नुसती खाट भाड्याने घेतात.

आणि मग ती प्रसिद्ध पेटी. ‘बालिकबायान’ म्हणजे मायदेशी परतणारा. त्याच्या नावाने पुठ्ठ्याची भली मोठी पेटी घरी पाठवितात. तिचे भाडे वजनावर नसून आकारावर असते, म्हणून बुटांत मोजे आणि मोज्यांत साबणाच्या वड्या कोंबतात. पेटी खोलीच्या कोपऱ्यात महिनोन् महिने भरत राहते आणि जहाजाने दोनेक महिन्यांनी गावी पोचते. कॉफी, चॉकलेट, टॉवेल, डबाबंद मांस; यातले पुष्कळसे आता मनिलात मिळते. पण गावाला जाऊन आलेल्याने खाऊ आणायचा, या रीतीला तिथे ‘पासालुबोंग’ म्हणतात, आणि पेटी पाठविणाऱ्याला स्वतः जाता येत नाही म्हणून त्याचा खाऊ पुढे जातो. २०१५ मध्ये जकात खात्याने या पेट्या उघडून तपासण्याचे काढले, तेव्हा जगभरचे फिलिपिनो खवळले. पुढे २०१६ च्या कायद्याने दीड लाख पेसोपर्यंतच्या पेट्यांना जकात माफ झाली.

तुम्ही म्हणाल, मग या मुलांना स्वतःचे सुख काहीच नाही का? आहे. इटलीत घरकाम करणाऱ्यांना गुरुवारची दुपार आणि रविवार सुट्टी देण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी रोममधल्या सांता पुदेन्झियाना या प्राचीन चर्चमध्ये फिलिपिनो मंडळी जमतात. प्रार्थना होते, मग डबे उघडतात, गाणी होतात, कामाच्या बातम्या कळतात. वयाने मोठ्या मुलीला, ओळख असो वा नसो, ‘आते’ म्हणजे ताई, आणि मुलाला ‘कुया’ म्हणजे दादा म्हणायचे. आठवडाभर जिला कुणी नुसती हाक मारतात, ती तिथे ताई होते. नाताळाच्या आधी नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना होतात आणि बांबू-कागदाचा चांदणीच्या आकाराचा ‘पारोल’ लावतात. आपल्या दिवाळीचा आकाशकंदील पाहिलेल्याला तो अनोळखी वाटणार नाही. २०१९ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी स्वतः सेंट पीटर्समध्ये ही प्रार्थना त्यांच्यासाठी केली.

मानही कधी कधी मिळतो. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये कोविडची लस सर्वसाधारण नागरिकांना टोचण्यास सुरुवात झाली. कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना पहिली सुई टोचणारी परिचारिका मे पार्सन्स ही मूळची फिलिपिनो.

पण जखम कुठे आहे तेही पाहिले पाहिजे. इटलीत बोलण्याच्या ओघात मोलकरणीलाच ‘फिलिपिना’ म्हणतात. म्हणजे एका देशाचे नाव हे एका कामाचे नाव झाले. काम हलके नाही. पण जी मुलगी पदवीधर आहे, जिच्या हाताखाली कधी चाळीस मुले शिकली, तिला सारे शहर एकाच कामाने ओळखते, आणि तिच्या मुलीकडेही त्याच नजरेने पाहते. तिथेच जन्मलेल्या, इटालियनच बोलणाऱ्या मुलांना नागरिकत्वासाठी अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. मोठ्यांना दहा वर्षांचे रीतसर वास्तव्य दाखवावे लागते. ती दहाची पाच करावीत म्हणून जून २०२५ मध्ये इटलीत सार्वमत झाले, पण पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत.

आणि गावी राहिलेली मुले? त्यांना शाळा चांगली मिळते, घर पक्के होते. आई मात्र फोनमध्ये असते. ज्या आईने परक्याची मुले वाढविली तिच्या मुलांना आजी वाढविते. याचा हिशेब कुठल्याच बँकेच्या वहीत येत नाही.

या सर्वातून आपण काय घ्यावे? आपल्या कोकणाने हे अनुभवले आहे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तोवर रत्नागिरीकडची किती तरी घरे मनीऑर्डरवर चालली. मनीऑर्डरने चूल पेटली, पण शेते ओस पडली. फिलिपीन्समध्ये हेच देशाच्या पातळीवर घडले आहे. बाहेरचा पैसा घर सावरतो. मात्र तो येतोच आहे म्हणून गावात काम उभे करण्याची निकड सरकारला वाटेनाशी होते, आणि पुढची पिढीही परदेशी जाण्यासाठीच शिकू लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगेन की, आपल्या वर्गातूनही उद्या कुणी आखातात, कुणी युरोपात जाईल. त्याला अडवू नये. पण जाण्याआधी करार वाचायला, कामाचे तास मोजायला, पारपत्र स्वतःजवळ ठेवायला शिकवावे. २०११ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांना इतर कामगारांसारखेच हक्क देणारा करार केला. फिलिपीन्सने तो २०१२ मध्ये आणि इटलीने २०१३ मध्ये स्वीकारला. इटलीत मालकाच्या घरी राहून काम करणाऱ्या मुलीला, आठवड्याला ५४ तासांपलीकडे काम नाही, असे आपल्या नियमावर बोट ठेवून सांगता येते. भारताने हा करार अद्याप स्वीकारलेला नाही. आपल्याच गावची मुलगी शहरात कुणाच्या घरी राबते तेव्हा तिचे तास कोण मोजतो, हा प्रश्न म्हणून आपल्यालाही सुटलेला नाही.

आणि ज्यांच्या घरचे कुणी बाहेर आहे, त्या श्रोत्यांना एक विनंती. पैसे पोचल्याचे आपण आठवणीने कळवितो. त्याच वेळी, ‘तू जेवलास का, तुझी झोप होते का, तू परत कधी येणार?’ हेही विचारावे. रोममधल्या त्या मुलीला दुपारच्या फोनवर हेच ऐकायचे असते.